हौदाकाठचे धुणे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काही तरी इतिहासाचे लिहा" असे आपल्या अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे पानिपत, शनिवारवाडा आणि सनावळ्या, आणि तो लिहिणारे पुण्यात घरोघर आहेत. पण या पेठेत पंचवीस वर्षे काढली, त्यात एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. पुण्याच्या पाण्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. नळ कोणी आणला, हौद कोणी बांधला, खर्च कोणी सोसला, हे सारे त्यात येते. त्या हौदाच्या काठी रोज पहाटे उकिडवे कोण बसत होते, ते मात्र कुठे येत नाही. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याचे वर्णन शाळेच्या सहलीतल्या मुलालाही पाठ असते. त्याच पाण्याने पेशव्यांच्या घरची लुगडी-धोतरे कोणी धुतली, ते विचारले तर कोणाला सांगता येत नाही. म्हणून मी धुण्यावरच लिहायचे ठरवले. भगिनींनो, विषय ओला आहे, पदर खोचून वाचावा.

आधी पाणी कसे आले ते सांगते. पूर्वी पुण्याची सारी भिस्त मुठा नदीवर, ओढ्यांवर आणि विहिरींवर असे. वस्ती वाढली, नव्या पेठा वसल्या, तेव्हा हे पाणी पुरेना. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७४० ते १७६१ या काळात, कात्रजच्या डोंगराखाली ओढा अडवून दोन तळी बांधली. वरच्या तळ्यात गाळ खाली बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात येई. तेथून बंदिस्त दगडी नळाने ते सुमारे दहा किलोमीटर चालत शहरात येई. नळ म्हणजे आपला तोटीचा नळ नव्हे. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा तो भुयारासारखा मार्ग आहे. त्याला ना मोट ना यंत्र, सगळे काम जमिनीच्या उतारावर. वाटेत ठिकठिकाणी दगडी खांबांसारखी बांधकामे करून आत कोंडलेली हवा बाहेर जाण्याची सोय केली होती. त्यांना उच्छ्वास म्हणतात. घरातल्या बाईने कामाच्या रगाड्यात मध्येच एक सुस्कारा टाकावा, तसेच हे. नाव ठेवणाऱ्याला घरातले काही कळत असले पाहिजे.

पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून दुसरा नळ आणला आणि त्याचे पाणी सदाशिव पेठेतल्या हौदाला दिले. रास्ते आणि चौधरी यांनीही आपापले नळ आणले. काळा हौद, नाना हौद, फडके हौद, ही नावे आजही पत्ता सांगताना तोंडात येतात, हौद दिसो वा न दिसो. इंग्रजी अमलात १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि हळूहळू घरात तोटीचा नळ आला. तरीही जुने हौद लगेच बंद पडले नाहीत. पुष्कळ वाड्यांतून ते चालूच होते.

आता हौदाकाठी येऊ. हौदात कपडा बुचकळायचा नाही, हा पहिला नियम. पाणी घागरीने किंवा बादलीने वर काढायचे, आणि बाजूला उताराचा दगड रोवलेला असे, त्यावर धुवायचे. सांडलेले पाणी मोरीतून बाहेर जाई, नाही तर परसातल्या केळीला आणि अळवाला मिळे. वाड्याचा पुढचा चौक पुरुषांचा, तिथे बैठक, कुलकर्णी-कारकुनाची ये-जा. मागचा चौक बायकांचा, तिथे हौद किंवा विहीर, तुळस, दगडी रोळी आणि हा धुण्याचा दगड. माझे लग्न २००१ साली झाले, तेव्हा आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि दगड दोन. एक मोठा, एक लहान. मोठ्यावर आधी कोण, यावरून होणारी भांडणे मी पुष्कळ ऐकली आणि काही केलीही. त्यात पाण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे आदल्या रात्रीच बादल्यांचा नंबर लागे. माडीवरच्या एक काकू नंबरासाठी फुटकी बादली ठेवत, म्हणजे कोणी उचलून नेऊ नये.

माझे माहेर सासवडचे. तिथे कऱ्हेला पाणी असेल तेव्हा आम्ही नदीवर धुवायला जात असू, एरवी विहिरीवर. त्यामुळे धुणे मला नवे नव्हते. पण नऊवारी लुगडे कसे धुवायचे ते मला आजेसासूबाईंनी या दगडावर शिकवले. त्या शेवटपर्यंत नऊवारीच नेसत. आधी लुगडे पाण्यात भिजवून त्याची घडी-घडीने चवड करायची. काठ आणि पदर वेगळे चोळायचे, कारण मळ तिथे. मग मोगरीने बडवायचे, पण काठावर मोगरी पडू द्यायची नाही. मग आघळायचे, दोन पाण्यांतून काढायचे आणि शेवटी पिळायचे. इथेच गंमत आहे. नऊ वार ओले लुगडे एकटीला पिळता येत नाही. एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे, आणि दोघींनी उलट दिशेला पीळ द्यायचा. सकाळी नंबरावरून कडाक्याचे भांडण झालेले असले तरी पिळायच्या वेळी कोणाला तरी हाक मारावीच लागे. "धरता का हो जरा" एवढे म्हटले की भांडण तिथेच मिटे. पाचवारी पातळे आली, मग गाऊन आले, आणि ही हाक बंद झाली.

साबण ही अलीकडची चैन आहे. आजेसासूबाईंच्या सासूच्या वेळी रोजच्या कपड्याला राखेचे निवळ पाणी नाही तर धुण्याचा सोडा, आणि रेशमी, लोकरी वस्त्राला रिठ्याचा फेस. विलायती सनलाईट साबण हिंदुस्थानात १८८८ साली आला, पण तो साऱ्यांना परवडणारा नव्हता. धुण्याची पावडर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. सर्फ १९५९ मध्ये निघाली, आणि अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निरमा काढली, तेव्हा ती गरिबाच्या मोरीपर्यंत पोचली. पांढऱ्या कपड्याला नीळ, धोतर-उपरण्याला खळ, ही कामे वेगळीच.

आमच्या वयाच्या बायका जुन्या वाड्याच्या आठवणी काढतात तेव्हा सगळे गोडगोड सांगतात. हौदावरच्या गप्पा, थट्टा, ओव्या. ते खोटे नाही. सुनेला घराबाहेर उभे राहायला मिळणारी ती एकच जागा होती, आणि माहेरचा निरोपही तिथेच कळे. पण पायाच्या बोटांत सदा चिखल्या, सोड्याने सोलवटलेले हात, थंडीत काकडलेली बोटे आणि चाळिशीतच गेलेली कंबर हेही त्याच दगडावरचे. बाळंतपणाची धुणी, आजाऱ्याची धुणी, ही सगळ्यांत शेवटी, आणि ती घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेच्या वाट्याला. वर सोवळ्याची धुणी निराळी. ती वेगळ्या पाण्यात काढायची, उंच वलणीवर काठीने टाकायची, आणि चुकून कोणाचा हात लागला की पुन्हा पहिल्यापासून. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. त्यांच्या घरी बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घ्याव्या लागत. ते वाचताना मला हसू आले, आणि मग मनात आले, की सोवळे वडिलांचे, पण पाणी कोण ओढत होते?

नदीवरचे धुणे आणखी निराळे. ओंकारेश्वराचे देऊळ १७३८ च्या सुमाराचे. तिथल्या घाटावर स्नान, संध्या, पिंडदान आणि धुणे हे सारे एकाच पाण्यात चाले. नदीच्या पात्रात परटांचे दगड असत. परीट हा बलुतेदार. गावात त्याला धान्याचे बलुते आणि शहरात पैसा. पण परीट म्हटले की आपण पुरुष डोळ्यांसमोर आणतो. घरोघर जाऊन मळके कपडे गोळा करणारी, कोणाचे किती ते तोंडपाठ ठेवणारी, आणि पाण्यात उभी राहून निम्मे धुणारी परटीण असे. कपड्यावर बिब्ब्याची बारीक खूण असायची, ती कितीही धुतली तरी जात नसे. कुठली खूण कुठल्या घराची हे ती चुकत नसे, आणि अक्षर एक येत नसे. संत गाडगे महाराज याच जातीतले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९५६ मध्ये ते गेले. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या त्या माणसाने धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या. दुसऱ्याचा मळ काढणारे घर कोणते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होते.

आता जे लिहायचे ते थोडे कडू आहे, पण इतिहास म्हटला की ते गाळता येणार नाही. "सार्वजनिक" हौद म्हणताना तो सगळ्यांचा नव्हता. आपल्याच पेठेतल्या हौदावर ठरावीक जातींना पाणी मिळे, बाकीच्यांनी दूर उभे राहून कोणी ओंजळीत घालील याची वाट पाहायची. ज्यांना प्यायला पाणी नाही त्यांनी धुवायचे कशाने? आणि कपडे मळके म्हणून जवळ यायचे नाही, असे वर ऐकवायचे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. घरातला हौद म्हणजे घरातली बाईच त्याची मालकीण. जोतीरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण दुसऱ्या दिवशीपासून त्या हौदावर येणाऱ्या बायकांना "या" म्हणायचे काम सावित्रीबाईंचे होते, असे मला वाटते.

बुधवार पेठेत डॉ. विश्राम रामजी घोले राहत. घोले रस्ता त्यांच्याच नावाचा. आपली लहान मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ त्यांनी हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. मुलीला शाळेत घातले हे काही नातलगांना खपले नाही, आणि त्यांनी तिला खाण्यातून काच घातली, असे सांगतात. हौदावर बाहुली बसवली होती म्हणून त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. पुण्यात इतके हौद, पण मुलीच्या नावाने बांधलेला मला ठाऊक असलेला हा एकच.

पुढची हकिकत महाडची. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, की सरकारी खर्चाचे पाणवठे सर्वांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि लुगडी नीट नेसा, स्वच्छ राहा असे सांगितले. तळ्याच्या हक्काचा दावा मात्र हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला. मग १९५० साली राज्यघटना आली, तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घालून सांगितले आहे की तिथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात पाणवठा आला आहे, हे मला मुलाच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून कळले. त्या दिवशी मी स्वयंपाक उशिरा केला.

कायदा झाला तरी वाड्याच्या आत तो लगेच येत नाही. आमच्या वाड्यात तो आला पानशेतच्या पुरात, तोही थोड्या दिवसांपुरता. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी खडकवासल्याचे. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचा वाडा उंचावर, त्यामुळे बचावला. पूर ओसरला, पण नळाचे पाणी बंद. कात्रजच्या पाण्याचा मुठेशी संबंध नव्हता, त्यामुळे आमचा हौद चालू राहिला. आजेसासूबाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्या सांगत, की तिसऱ्या दिवशी दारात माणसे उभी. बायका डोक्यावर बोचकी घेऊन आलेल्या, आणि बोचक्यात कपडे म्हणावे तर चिखलाचे गोळे. नेसूची लुगडी, मुलांची दुपटी, कोणाचा लग्नातला शालू, सारे एकाच रंगाचे झालेले. गाळ असा की पहिली चार पाणी नुसती काळी निघत, आणि वास जाईना तो जाईना. वाड्यातल्या बायकांनी दोन्ही दगड मोकळे करून दिले. कोण कुठल्या पेठेतली, कोणाची, हे त्या आठवड्यात कोणी विचारले नाही. मोठ्या दगडावर आजेसासूबाईंनी एका अनोळखी बाईचे लुगडे दुसरे टोक धरून पिळले. तिचे घर भिंतींसकट गेले होते, आणि लुगडे पिळताना ती एकसारखी म्हणत होती, "काठ धड आहेत, काठ धड आहेत."

मी एकदा आजेसासूबाईंना विचारले, "मग पुढे?" त्या म्हणाल्या, "पुढे काय, नळाला पाणी आले. पुन्हा विचारू लागले." त्यांनी यात काही लपवले नाही, म्हणून मीही लपवत नाही.

पुढची वर्षे थोडक्यात सांगते. बिऱ्हाडात वेगवेगळे नळ आले, हौदाचे पाणी आटले, त्यात कचरा पडू लागला, मग डासांच्या भीतीने त्यावर फरशी घातली. मधल्या काळात आमचे धुणे एका मावशींच्या हाती गेले. त्या सकाळी सहा घरांची धुणी-भांडी करतात. आम्ही हौदावरून सुटलो असे आम्ही म्हणतो, पण धुणे काही सुटले नाही, त्याचे हात बदलले. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला आणि आपली संघटना उभारली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. आपल्या मंडळात दोन वर्षांपूर्वी मावशींना सभासद करून घ्यावे की नाही यावर जी चर्चा झाली, ती सर्वांना आठवत असेल. शेवटी करून घेतले, हे चांगले झाले. आता वॉशिंग मशीन आल्यावर "मावशी, उद्यापासून धुणे नको" असे सांगणारी घरे वाढली आहेत. मशीन बटणावर चालते, त्यामुळे ते घरातल्या पुरुषालाही लावता यावे, पण आमच्याकडे तरी ते बटण अजून मीच दाबते.

हे सारे आजच लिहायचे कारण असे. आमचा वाडा पाडून तिथे इमारत व्हायची आहे, सह्या झाल्या आहेत. वाडा राहावा असा माझा हट्ट नाही. ज्यांना जिन्यावरून पाणी वाहून न्यावे लागले त्यांना लिफ्ट हवीच, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच सही केली होती. जुन्या वास्तूंची पाहणी करणारे दोन तरुण वाड्यात येऊन गेले. त्यांनी दरवाजाची चौकट, कोरीव खांब आणि हौद यांची चित्रे घेतली, मापे घेतली. धुण्याच्या दगडाला त्यांनी माप लावले नाही. मी म्हटले, "याचेही घ्या." त्यातला एकजण म्हणाला, "काकू, हा नुसता दगड आहे." त्याचा दोष नाही. त्या दगडावर कोणाचे नाव नाही, साल नाही, आणि त्यावर बसलेल्या बायकांची नावे आम्हीच कुठे लिहून ठेवली आहेत? मोठ्या दगडाच्या मधोमध मात्र एक खळगा पडलेला आहे, गुळगुळीत, परातीएवढा. तो कोणी छिन्नीने कोरलेला नाही. मग त्या मुलाने माप घेतले. लांबी तीन फूट, रुंदी दोन, खळगा मध्ये दीड इंच खोल.

बांधकाम करणाऱ्यांशी यजमानांचे बोलणे झाले आहे. दोन्ही दगड उचलून आपल्या मंडळाच्या अंगणात आणून ठेवायला त्यांची हरकत नाही, हमालीचे तेवढे आपण द्यायचे. तो विषय पुढच्या सभेपुढे आहे. त्याआधी ज्यांच्या वाड्यात हौद, विहीर किंवा धुण्याचा दगड होता, त्यांनी तो कुठल्या चौकात होता, त्यावर कोण कोण धूत असे, कोणाला तिथे येऊ देत नसत, हे आठवेल तसे सांगावे. लिहिता येत नसेल त्यांनी नुसते सांगावे, मी लिहून घेईन. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच, भजन सुरू होण्यापूर्वी, मी मंडळात वही घेऊन बसते. पहिल्या पानावर आजेसासूबाईंचे नाव घातले आहे, आणि मावशींनी आपल्या आईचे सांगितले ते दुसऱ्यावर.